मागच्या दारापासून घर: खान्देशात स्वतःचं घर आणि स्वयंपाकघर आखताना

घर बांधायचं ठरलं की आधी मोबाइलमध्ये एलिव्हेशनचे फोटो जमा होतात. गॅलरीला काच लावायची की स्टीलचा कठडा, गेट किती फुटी, समोर दगडी क्लॅडिंग किती, यावर घरात वाद रंगतात. तोवर स्वयंपाकघर उरलेल्या कोपऱ्यात बसलेलं असतं, मागे तीन फुटांचा बोळ सुटलेला असतो आणि वास्तुशांतीला गावाकडून आलेली आजी सगळं घर फिरून झाल्यावर विचारते, "चूल कोठे शे?"

आजीचा प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. पापड-बिबड्यांचा उन्हाळा, कानबाई या खान्देशी देवीचे रोट, थंडीतलं भरीत, वरण-बट्टीच्या पंगती, काळा मसाला, वर्षाचं धान्य हे सगळं खान्देशी घराच्या मागच्या अर्ध्या भागात घडतं. म्हणून पहिल्यांदा घर बांधणाऱ्यांना मी सांगतो, नकाशा मागच्या दारापासून काढायला घ्या. एलिव्हेशन शेवटच्या महिन्यात ठरवलं तरी चालतं. मागचं अंगण मात्र एकदा गेलं की गेलं.

आधी वही

इंजिनीअर किंवा आर्किटेक्टकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून वर्षभराच्या कामांची यादी करा. त्यात बायकांचा शब्द आधी धरा, कारण घराची मागची बाजू तासन् तास वापरणाऱ्या त्याच असतात. 'तीन बेडरूम, हॉल, किचन' एवढं सांगितलं तर जळगाव, धुळे, नंदुरबार, पुणे सगळीकडे तोच नकाशा मिळेल.

उन्हाळ्यापासून सुरू करा. गहू, दादर (रब्बी ज्वारी) आणि डाळी भरायच्या आहेत का? पाच माणसांचं कुटुंब वर्षाचं धान्य एकदम घेत असेल तर चार-पाच क्विंटल सहज होतं. 100 किलो गव्हाला साधारण 130 लिटर जागा लागते, म्हणजे 200 लिटरच्या कोठीत दीड क्विंटल मावतो. अशा तीन कोठ्या, डाळींचे डबे, तेलाचे डबे यांना चार बाय सहा फुटांची कोरडी खोली लागते, आणि ती पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लागून नको. नंतर कुरडया, शेवया, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे. ते शिजवणार कुठे, वाळवणार कुठे, आणि मधला जिना घरातून आहे की बाहेरून? आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोका बांधावा लागतो. झोक्याची कडी स्लॅब भरायच्या आधी लोखंडात अडकवावी लागते, नंतर ड्रिल मारून लावलेल्या हुकावर पोरींना बसवू नका.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई. ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना हे वेगळं सांगायला नको, पण नकाशा काढणाऱ्याला सांगावं लागतं. त्या दिवशी सगळी भाऊबंदकी एका छताखाली येते, रोटाचा आणि पुरणाचा स्वयंपाक एकाच घरात होतो, रात्र जागवली जाते आणि सोमवारी मिरवत विसर्जनाला नेतात. तेव्हा कानबाईचा चौरंग हॉलमध्ये कुठे बसेल, तिथून स्वयंपाकघरात जा-ये करताना त्याला ओलांडावं तर लागणार नाही ना, चप्पल कुठे निघतील, पन्नास माणसांची पंगत ओसरीत बसेल की गच्चीवर, हे आत्ताच लिहा.

शेवटी माणसं. म्हातारे आई-वडील असतील तर एक खोली आणि कमोडचा संडास तळमजल्यावरच. यावर तडजोड करू नका.

जागा, कागद आणि माती

कागदांचं थोडक्यात. शहरात सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, गावठाणाबाहेर सातबारा आणि जमीन बिगरशेती असल्याचा कागद, ले-आउटमधला प्लॉट असेल तर मंजूर ले-आउटचा नकाशा, आणि खरेदीखत. बांधकाम परवानगीला राज्यातल्या बहुतेक भागांत 2020 ची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली लागते. समासातली (प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची) अंतरं, जिना, उंची त्यातूनच ठरतं, म्हणून आधी परवानगीचा नकाशा नि मग पायाची फक्की (चुन्याची आखणी) हा क्रम मोडू नका. पांझरा, गिरणा, वाघूर, तापी किंवा एखाद्या नाल्याच्या काठचा प्लॉट असेल तर जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते विचारा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. विकणारा "इथं कधीच पाणी येत नाही" म्हणत असेल तर शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या.

मातीवर मात्र वेळ घालवा. तापीखोऱ्यातली काळी माती कपाशीला आणि केळीला सोन्यासारखी, पण घराला ती त्रास देते. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या हालचालीत उथळ पाया वर-खाली होतो, खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात, दारं अडकायला लागतात, फरशी मधोमध फुगते.

प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने चाचणीचा खड्डा घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते स्वतः उभं राहून बघा. पाच-सहा फुटांवर कठीण मुरूम असेल तर फुटिंग मुरमावरच टेकवा. काळी माती खोलवर असेल तर अंडर-रीम्ड पाइलचा विचार करावा लागतो. तळाशी फुगवटा असलेले हे पाइल रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी विकसित केले. ते साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल जातात, कारण तिथल्या मातीत ऋतूंप्रमाणे फारसा फरक पडत नाही. त्यावरच्या बीमखाली तीन-चार इंचांची पोकळी सोडतात, म्हणजे फुगणारी माती बीमला उचलत नाही. डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनीअरनेच करायचं. "आपल्या गल्लीत सगळ्यांचं असंच आहे" हे मिस्त्रीचं उत्तर इथे घेऊ नका.

आणखी एक गोष्ट सर्रास घडते. पायासाठी खोदलेली काळी माती ट्रॅक्टरचं भाडं वाचवायला जोत्यातच परत भरली जाते. ती बाहेर काढा. जोत्यात मुरूमच भरा, आठ-नऊ इंचांचा एकेक थर, पाणी मारून धुम्मस केलेला, म्हणजे ठोकून दाबलेला. वाळवीचं औषध याच वेळी. घराच्या चारी बाजूंनी तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी किंवा काँक्रीटची पट्टी करा म्हणजे पावळीचं पाणी पायात जिरणार नाही. मोठी झाडंही भिंतीला खेटून लावू नका, ती उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतात.

ऊन आणि वारा

भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या वर जाणं नवं नाही, त्यामुळे दिशांचा विचार पंचांगाआधी थर्मामीटरने करा. आपला भाग 21 अंश अक्षांशाच्या आसपास येतो. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला दुपारी बाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर असतो. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापतो तो स्लॅब, त्याखालोखाल पश्चिमेची भिंत. दक्षिणेच्या भिंतीला लोक उगाच घाबरतात. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा टाका, मेमध्ये दुपारचं ऊन आत येत नाही. डिसेंबरात सूर्य दुपारी साधारण 45 अंशांवर उतरलेला असतो, तेव्हा छज्जाखालची दोन फूट सावली सोडून उरलेल्या खिडकीतून ऊन आत येतं, आणि ते हवंच असतं.

पश्चिमेला मात्र छज्जा पुरत नाही, संध्याकाळचं ऊन आडवं येतं. त्या बाजूला जिना, संडास-बाथरूम, कपाटांची भिंत घ्या. खिडकी हवीच असेल तर अरुंद आणि बाहेरून जाळी किंवा उभी पट्टी असलेली. बाहेरची भिंत नऊ इंची ठेवा. जुनी धाब्याची घरं थंड का असायची, तर हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड धाबं. ते वजन आता आपण बांधत नाही. पाच इंची स्लॅब दिवसभराचं ऊन साठवतो आणि रात्री पंख्याखाली झोपलेल्यांवर सोडतो. म्हणून गच्चीवर वीट-कोबा करून वर पांढरे चायना मोझॅकचे तुकडे, किंवा निदान दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात. एवढ्यानेही वरच्या मजल्यावर फरक जाणवतो.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून स्वयंपाकघर पूर्वेला किंवा आग्नेयेला असेल तर धूर, फोडणीचा ठसका आणि वाफ घरातून न फिरता बाहेर जाते, सकाळचं ऊन ओटा कोरडा ठेवतं आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला ती बाजू सावलीत असते. वास्तुशास्त्र मानणारे आणि न मानणारे या कोपऱ्यात बिनतक्रार भेटतात. रस्ता पूर्वेला असेल तर मागची बाजू पश्चिम येते. मग चूल मागे मधोमध नको, उत्तरेच्या कडेला आडोसा देऊन ठेवा, नाहीतर वारा सगळा धूर बेडरूममध्ये आणून सोडेल.

कूलरचं कुणी नकाशात दाखवतच नाही! कोरड्या उन्हाळ्यात कूलर हेच आपलं खरं यंत्र, आणि तो दरवर्षी लोखंडी स्टँडवर, वायर खिडकीतून ओढून बसवला जातो. हॉल आणि एका बेडरूमच्या खिडकीबाहेर तीन बाय अडीच फुटांचा काँक्रीटचा कट्टा काढा, वर सावली, शेजारी पाण्याचा नळ, खाली निचऱ्याचा पाइप, आत स्विच. आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला झडप किंवा खिडकी. ओली हवा कोंडली की कूलर खोलीत दमटपणा आणतो, गारवा नाही.

फक्की मारून बघा

नकाशा हातात आला की कागदावर खोल्या मोठ्याच दिसतात. प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने पूर्ण मापात खोल्या आखा, भिंतींची जाडी धरून. मग घरून खाट, दोन खुर्च्या, गॅसच्या शेगडीएवढी पाटी, एक मोठी परात घेऊन जा. खाट टाकल्यावर कपाटाचं दार उघडतं का? स्वयंपाकघराच्या रेघेत दोन बायकांनी उभं राहावं, तिसरीने पाण्याचा हंडा घेऊन मागून जावं. भिंत हलवायचा खर्च या दिवशी मूठभर चुना असतो. दारं कुठल्या बाजूला उघडतात तेही याच वेळी ठरतं.

स्वयंपाकघर

राष्ट्रीय बांधकाम संहितेत जेवणघर वेगळं असेल तर स्वयंपाकघर किमान 5 चौरस मीटर आणि जेवण तिथेच होत असेल तर 7.5 चौरस मीटर सांगितलं आहे. ती किमान मापं झाली. भाकरी-भाजीचा रोजचा स्वयंपाक आणि सणाचा राबता धरला तर 10 बाय 12 फुटांच्या खाली जाऊ नका. ओट्यासमोर भिंतीपर्यंत किंवा दुसऱ्या ओट्यापर्यंत चार फूट मोकळे हवेत, कारण इथे एकटीने स्वयंपाक करायचे दिवस कमी असतात.

ओट्याची मांडणी एल आकाराची सगळ्यात सोयीची. फ्रिज, सिंक आणि शेगडी यांच्यातली तीन अंतरं मिळून साधारण 13 ते 26 फुटांत बसावीत. त्याहून कमी झालं तर गर्दी, जास्त झालं तर दिवसभर चालणं. सिंक आणि शेगडीच्या मध्ये निदान तीन फुटांचा सलग ओटा ठेवा, खरं चिरणं-मळणं तिथेच होतं. शेगडी खिडकीच्या थेट समोर नको. वाऱ्याने ज्योत हलते, पडदा पेटायची भीती वेगळी.

उंचीबद्दल फर्निचरवाले सरसकट 34 इंच सांगतात. ते ऐकू नका. जी व्यक्ती जास्त वेळ उभी राहणार आहे तिचं कोपर जमिनीपासून मोजा आणि त्यातून चार इंच वजा करा. पाच फुटांच्या बाईसाठी ते 33 च्या आसपास येतं. पण शेगडीची स्वतःची उंची चार-पाच इंच, तिच्यावर पातेलं, त्यामुळे शेगडीखालचा ओटा 30 इंचांवर आला तर खांदे भरून येत नाहीत. सिंकचं उलट आहे: त्याचा तळ आठ-नऊ इंच खाली असतो, म्हणून तिथला काठ 34 ला नेला तर कंबर वाकत नाही. दोन उंच्यांचा ओटा करायला मिस्त्री कुरकुरतो, ग्रॅनाइटवाला जादा पैसे मागतो. दोघांनाही द्या.

भाकरीचं आणखी वेगळं. दादरची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मळायला खांद्यातून जोर लागतो, आणि बऱ्याच घरांत ती अजून खाली बसूनच थापली जाते. त्यासाठी ओट्याच्या टोकाला एक बुटकी शेगडीची जागा आणि समोर पाट टाकण्याइतकी मोकळी फरशी ठेवा. तिथे गॅसची दुसरी जोडणी आधीच घेऊन ठेवा.

सिंक छोटं घेऊ नका. परात आडवी मावली पाहिजे, म्हणजे 24 बाय 18 इंचांच्या आत नको. मोठी पातेली आणि कढया सिंकमध्ये घासायच्याच नाहीत. त्यांच्यासाठी मागच्या दाराबाहेर छपराखाली चार बाय पाच फुटांची मोरी, गुडघाभर उंच कठडा, दोन नळ आणि रुंद जाळी. मोरीतल्या कट्ट्यावर बसून भांडी घासता आली तर पाठ वाचते.

सिलिंडर आत ठेवायचा असेल तर उभाच, आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की जमिनीलगत साचतो. त्यामुळे कपाटाच्या दाराला खाली जाळी आणि बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत झरोका हवा. वर लावलेला एक्झॉस्ट इथे उपयोगाचा नाही. त्याहून चांगलं म्हणजे सिलिंडर मागच्या भिंतीबाहेर जाळीच्या कपाटात, तिथून तांब्याच्या पाइपने आत जोडणी. एक्झॉस्ट फॅन शेगडीच्या वरच्या बाजूला, छताजवळ. आणि हवा आत यायची वाट समोरच्या बाजूला, नाहीतर तो नुसता गरगरतो. चिमणी घेत असाल तर बाहेर पाइप काढता येईल अशीच, शेगडीपासून 26 ते 30 इंचांवर. जाळीत धूर गाळून परत आत सोडणाऱ्या चिमण्या शेवभाजीच्या फोडणीपुढे हात टेकतात.

ओपन किचनची सध्या हौस आहे. माझं मत, मिरचीचा ठेचा आणि लसणाची फोडणी रोज असेल तर नको. हवंच असेल तर मध्ये अर्धी भिंत आणि वर सरकती काच करा. हॉलमधल्या कूलरच्या झोताने शेगडी विझते, हे त्या चकचकीत फोटोंत दिसत नाही.

सामानाचं पटापट सांगतो. ओट्याला गडद ग्रॅनाइट, कारण पांढऱ्या मार्बलवर हळद आणि लिंबू दोन्ही कायमचे उमटतात. आतल्या फळ्यांना कडप्पा: स्वस्त, गार आणि वाळवी लागत नाही. प्लायवूड वापरायचं तर सिंकखाली पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचंच. जड डबे आणि कुकर खालच्या ट्रॉलीत, रोजचं डोळ्यांच्या उंचीला, लॉफ्टवर फक्त वर्षातून एकदा लागणारी भांडी. लॉफ्ट शेगडीवर काढू नका, तेलाची पुटं चढतात. फरशी खरबरीत घ्या. मिक्सर, फ्रिज, पाण्याचा फिल्टर यांचे पॉइंट ओट्यापासून फूटभर वर. ओव्हन, इलेक्ट्रिक तंदूर आणि घरगुती पिठाची गिरणी यांना 16 अँपिअरचे वेगळे पॉइंट. बट्टी आता बरेच जण तंदुरात भाजतात, त्याचा पॉइंट मागच्या ओसरीत काढला तर स्वयंपाकघर तापत नाही. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यावर पैसे वाचवू नका.

मागची ओसरी, चूल आणि गच्ची

मागच्या दाराची रुंदी तीन फूट, बाहेर निदान सहा फूट खोल ओसरी. तिथेच चूल. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली तरच तो वास येतो, आणि बामणोदची वांगी आणून गॅसवर भाजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त जेवायला जात नाही. चुलीच्या तीन बाजू मोकळ्या हव्यात, कारण खापरावर मांडा टाकताना हातावर पसरलेली पोळी फिरवायला जागा लागते आणि एका वेळी दोघी असतात. जमीन काँक्रीट किंवा शहाबादीची, वर छप्पर पत्र्याचं असेल तर आठ-नऊ फूट उंच, प्लास्टिकची शेड अजिबात नको. काड्या, गोवऱ्या ठेवायला शेजारी कोरडा कट्टा, पण घराच्या भिंतीपासून सुटा. सुक्या मिरच्या परतणं, बिबड्यांचा घाटा शिजवणं हे सगळं मग घराबाहेर होतं.

गच्चीवर जायचा जिना या ओसरीतून निघाला तर शिजलेल्या घाट्याचं पातेलं हॉलमधून न्यावं लागत नाही. जिन्याची पायरी सात इंचांपेक्षा उंच नको, रुंदी साडेतीन फूट. वर एक नळ, एक दिवा, एक पंख्याचा पॉइंट. उन्हाळ्यात रात्री झोपायलाही लोक तिथेच जातात. कठडा साडेतीन फुटांचा.

आता सोलर पॅनल आले आहेत आणि गच्चीवर पापडांशी त्यांचं भांडण होतं. 1 किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट जागा जाते. 2024 पासूनच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉट आणि त्यापुढे 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे, म्हणून लोक 3 किलोवॉट बसवतात आणि गच्ची संपते. पॅनल सात-आठ फूट उंच सांगाड्यावर घ्या. खाली सावलीत झोपता येतं, स्लॅबही कमी तापतो, आणि वाळवणाला दक्षिणेकडची मोकळी पट्टी राखून ठेवता येते. सांगाड्याचे पाय कुठे येणार ते स्लॅबच्या आधी सांगा.

पाणी

आपल्याकडच्या बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही. माणशी दिवसाला 135 लिटर हे नेहमीचं गणित धरलं तर पाच माणसांना चार दिवसांचे 2,700 लिटर होतात. म्हणजे जमिनीतली टाकी निदान 3,000 लिटरची: आतून 6 बाय साडेचार फूट आणि पाण्याची उंची चार फूट. चार दिवसांआड पाणी येत असेल तर पुढच्या दोन दिवसांचं जास्तीचं धरा, पाइप फुटतातच. टाकी संडासाच्या शोषखड्ड्यापासून लांब, आणि झाकण गाडीच्या चाकाखाली येणार नाही असं. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर त्याची लाइन संडास-बाथरूम आणि अंगणापुरती, नळाच्या पाण्याची स्वयंपाकघराकडे वेगळी. दोन टाक्या, दोन लाइन. सुरुवातीला खर्च वाटतो, पण पाच वर्षांनी क्षारांनी बुजलेले पाइप फोडण्यापेक्षा कमी.

काम सुरू करताना

दिवाळीनंतर पाया आणि होळीच्या आत पहिला स्लॅब, असं जमवा. मे महिन्यात भरलेला स्लॅब झपाट्याने सुकतो आणि नेमकं तेव्हाच पाणी नसतं. काँक्रीटला पाणी मारण्याचे दिवस कोरड्या, तापलेल्या हवेत साध्या सिमेंटला निदान 10 आणि मिश्र सिमेंटला 14, हे भारतीय मानकातच लिहिलं आहे. स्लॅबवर वाफे करून पाणी कोंडा, कॉलमला ओली पोती गुंडाळा, आणि पाणी मारायला माणूस ठरवून ठेवा. "रात्री मारलं होतं" यावर विसंबू नका.

ठेका कागदावर करा. चौरस फुटाचा भाव सगळे विचारतात, पण ते चौरस फूट मोजायचे कसे हे कुणी विचारत नाही. छज्जा, गॅलरी, जिन्यावरची खोली, जमिनीतली टाकी, मागची ओसरी यांपैकी काय पूर्ण मोजायचं, काय अर्धं आणि काय भावातच धरायचं, हे लिहून घ्या. भांडणं नेमकी तिथे होतात. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा: जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी. आगाऊ रक्कम टप्प्याच्या पुढे जाऊ देऊ नका.

स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी स्वतः वर चढा. सळ्या सेंटरिंगला टेकलेल्या नाहीत ना, खाली कव्हरचे ठोकळे आहेत का, पंख्यांचे डबे, झोक्याची कडी, चिमणीच्या पाइपचं भोक जागेवर आहे का, ते बघा. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीवरच्या वायरिंगच्या आणि पाण्याच्या पाइपांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे खिळा ठोकताना हे फोटो लागतात. ग्रॅनाइट कापायला देण्याआधी विटा आणि प्लायवूड रचून ओट्याची उंची एक दिवस वापरून बघा. भाकरी थापून, भांडं घासून.

रंग सुरू होण्याआधी गच्चीचे पन्हाळे बुजवा आणि तीन-चार इंच पाणी दोन दिवस कोंडून ठेवा. खाली छताला जिथे ओल दिसेल तिथे पेन्सिलने गोल करून तारीख घाला, आणि ठेकेदाराला तो गोल दाखवून फोटो घ्या. शेवटच्या हप्त्यातला थोडा भाग जुलैपर्यंत हातात ठेवायचा, हेही करारात आधीच लिहिलेलं असू द्या. खिडकीच्या छज्जावरून, जिन्याच्या खोलीच्या सांध्यातून आणि मागच्या ओसरीच्या छपराखालून पाणी झिरपतं ते पहिल्या तिरप्या पावसातच कळतं.